ठेका एक, चाली अनेक

आपल्याकडे ‘डीजे’ हा शब्द माणसासाठी फारसा उरलेला नाही. ‘यंदा मंडळाने डीजे लावला’, ‘डीजेने खिडक्या हादरल्या’, ‘डीजेवर बंदी घाला’ या वाक्यांतला डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ती चालवणारा कोणीतरी असतोच, पण त्याचं नाव कोणी विचारत नाही. मुळात डिस्क जॉकी म्हणजे रेकॉर्ड निवडणारा आणि एका रेकॉर्डमधून दुसरीत श्रोत्यांना अलगद घेऊन जाणारा माणूस. अमेरिकेतल्या शिकागो शहरात साडेचार दशकांपूर्वी अशाच काही माणसांच्या हातून ‘हाऊस’ हे नृत्यसंगीत घडलं. पुढे त्याला फांद्या फुटत गेल्या: डीप हाऊस, अ‍ॅसिड हाऊस, टेक हाऊस, प्रोग्रेसिव्ह, मिनिमल, अफ्रो हाऊस. यादी वाचूनच नवखा माणूस दमतो.

त्यात गोची अशी, की नवख्या कानाला हे सगळं एकसारखंच वाटतं. त्याला कारण आहे. हे संगीत आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा भिंतीपलीकडूनच ऐकलेलं असतं. शेजारच्या हॉटेलात पार्टी चालू असते आणि आपल्या खोलीत पोचतं ते फक्त धप्, धप्, धप्, धप्. खर्जाच्या लांब लहरी भिंत भेदून येतात, वरचे बारीक आवाज भिंत अडवून धरते. त्यामुळे बाहेरच्याला वाटतं, चार तास एकच गाणं चालू आहे. आतल्याने मात्र तेवढ्या वेळात चार-पाच मुलखांतून प्रवास केलेला असतो. हे मुलूख कुठे वेगळे होतात आणि त्यांच्या सीमा एकमेकींत कशा मिसळतात, हे समजून घ्यायचं तर भिंतीच्या आत जायला हवं.

चार मात्रा आणि शिवणीची माया

आधी समान काय ते पाहू. हाऊसचं आवर्तन चार मात्रांचं. प्रत्येक मात्रेवर किक ड्रमचा भरीव ठोका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळीसारखा ‘क्लॅप’, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मधे झांजेचा ‘त्स’. तबल्याच्या ठेक्यात भरी-खालीचा खेळ असतो. इथे चारही मात्रा सारख्याच वजनाच्या. ठेका जागचा हलत नाही, त्याच्यावरचं सगळं हलतं. वेग साधारण मिनिटाला ११८ ते १३० ठोके. १२०चा वेग म्हणजे सेकंदाला दोन ठोके, भरभर चालणाऱ्या माणसाच्या पावलांइतका. गोव्याच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेला ‘गोवा ट्रान्स’ याहून बराच जलद, १४०च्या आसपासचा. तो या घराण्यातला नव्हे.

रेकॉर्डमधले बदल मनाला येईल तिथे होत नाहीत. आठ, सोळा, बत्तीस आवर्तनांचे ठोकळे असतात आणि नवा आवाज ठोकळ्याच्या तोंडाशी येतो. १२४च्या वेगात बत्तीस आवर्तनं म्हणजे जवळपास एक मिनिट. हाऊसच्या रेकॉर्डचं पहिलं आणि शेवटचं मिनिट बहुधा नुसत्या ठेक्याचंच असतं. घरी बसून ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटतं, कारण ते त्याच्यासाठी नसतंच. शिंपी कापड बेतताना शिवणीसाठी माया सोडतो, तशी ही माया आहे. एका रेकॉर्डच्या शेवटावर दुसरीची सुरुवात अंथरायची आणि टाका दिसू द्यायचा नाही. म्हणजे हाऊसची रेकॉर्ड मुळातच अर्धवट शिवलेली असते. शेजारी कोणती रेकॉर्ड येणार, यावर तिचं रूप ठरतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

वखार आणि गॅरेज

‘हाऊस’चा अर्थ घर नव्हे, वखार. शिकागोत साउथ जेफरसन स्ट्रीटवर २०६ क्रमांकाच्या इमारतीत १९७७ साली ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला. येणारे बहुतांश तरुण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले बरेच समलिंगी. बाहेरच्या जगात ज्यांना मोकळं वावरता येत नव्हतं असे. तिथला डीजे फ्रँकी नकल्स न्यूयॉर्कहून आलेला. तो डिस्को, फिलाडेल्फियाचं सोल, युरोपातलं सिंथेसायझरचं संगीत असं सगळं एका माळेत ओवायचा. शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानात गिऱ्हाईक विचारू लागलं, ‘वेअरहाऊसमध्ये वाजतं ते आहे का?’ या नावाचंच पुढे ‘हाऊस’ झालं. त्या वेळी हाऊस नावाची एकही रेकॉर्ड कोणी बनवलेली नव्हती. नाव पडलं ते एका माणसाच्या निवडीला.

न्यूयॉर्कमध्ये त्याच काळात हेच घडत होतं. किंग स्ट्रीटवरच्या ‘पॅरडाइज गॅरेज’मध्ये नकल्सचा जुना मित्र लॅरी लेवान १९८७पर्यंत वाजवत होता. त्याची ओढ गॉस्पेलकडे, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगायनाच्या वळणाच्या भरदार आवाजांकडे. पुढे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत तशा गायकीच्या रेकॉर्ड बनू लागल्या तेव्हा त्यांना ‘गॅरेज’ म्हटलं गेलं. हेही नाव जागेचं, म्हणजे पर्यायाने तिथल्या डीजेच्या आवडीचं.

या संगीताच्या जन्मावर एक सावलीही आहे. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवण्याचा कार्यक्रम ठेवला. रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. स्फोटानंतर जमाव मैदानात घुसला आणि यजमान संघाला त्या दिवशीचा दुसरा सामना सोडून द्यावा लागला. व्हिन्स लॉरेन्स हा पोरसवदा कृष्णवर्णीय मुलगा त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत होता. लोक आणत होते त्या रेकॉर्डमध्ये डिस्को नसलेल्या, पण कृष्णवर्णीय कलावंतांच्या रेकॉर्डही भरपूर आहेत, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. बड्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घेतले. क्लबना नव्या रेकॉर्ड मिळेनात, तेव्हा मुलांनी स्वस्त ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन घरीच सूर जुळवायला सुरुवात केली. १९८४ साली जेसी सॉन्डर्सची ‘ऑन अँड ऑन’ आली. ती हाऊसची पहिली रेकॉर्ड मानली जाते आणि तिचा सहलेखक तोच व्हिन्स लॉरेन्स.

तोवर नकल्स वेअरहाऊस सोडून दुसऱ्या क्लबात गेला होता आणि त्याच्या जुन्या मालकाच्या नव्या ‘म्युझिक बॉक्स’मध्ये रॉन हार्डी वाजवू लागला होता. नकल्सचं वाजवणं घोटीव, एकातून दुसरं उमलणारं. हार्डी रेकॉर्ड मूळ वेगापेक्षा जलद लावायचा, टेप उलटी फिरवायचा, एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोळवायचा, आवाज कानठळ्या बसेपर्यंत चढवायचा. दोघांच्या पेटीतल्या कित्येक रेकॉर्ड त्याच होत्या, तरी एका क्लबातून दुसऱ्यात जाणाऱ्याला संगीत बदलल्यासारखं वाटे. उपप्रकारांची नावं पडण्याआधी उपप्रकार असे हातांत होते.

फांद्या

लॅरी हर्ड हा मुळात ड्रमर. ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने त्याने १९८६ साली ‘कॅन यू फील इट’ काढली. ठेका हाऊसचाच, पण वर जॅझमधल्यासारख्या रुंद, हळव्या कॉर्ड आणि खाली चालत राहणारा गोल बास. घाई नाही, आरडाओरडा नाही. इथे ‘डीप हाऊस’ सुरू होतं. डीप हाऊसची खूण कॉर्डमध्ये असते. एकच सूरसंगती चार-सहा मिनिटं घोळत राहते आणि ऐकणारा तिच्यात बुडत जातो. वेग बहुधा ११८ ते १२४.

‘अ‍ॅसिड हाऊस’ची गोष्ट एका फसलेल्या यंत्राची. रोलंड या जपानी कंपनीचं टीबी-३०३ गिटार वाजवणाऱ्याला साथीला बास मिळावा म्हणून निघालं होतं. त्याचा आवाज खऱ्या बासगिटारसारखा मुळीच नव्हता; ते खपलं नाही आणि १९८४पर्यंत बंदही झालं. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाने, म्हणजे डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, ते विकत घेतलं आणि त्याची बटणं यंत्र चालू असतानाच पिळत बसले. चिरका, बुडबुडे काढणारा, वितळत जाणारा एक आवाज निघाला. त्याची टेप त्यांनी हार्डीला दिली. असं सांगतात की पहिल्यांदा ती लागली तेव्हा फ्लोअर रिकामा झाला. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि चौथ्या खेपेला लोक बेभान नाचत होते. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ साली रेकॉर्डवर आली. म्हणजे रेकॉर्ड निघण्याआधीच प्रकार सिद्ध झाला होता, तोही एका डीजेच्या हट्टापायी.

या यंत्राचा एक धागा मुंबईत निघतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि एक सिंथेसायझर घेऊन ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. त्यांनी तिच्यात मींड ऐकली आणि भैरवी, ललत, भूप, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर चालवले. तबकडी खपली नाही, विसरली गेली. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले: हे तर शिकागोच्या पाच वर्षं आधीचं अ‍ॅसिड! पण शिकागोच्या मुलांनी ती ऐकलेली नव्हती आणि मुंबईत ती रोज रात्री हट्टाने लावणारा रॉन हार्डी नव्हता. आवाज सापडला होता, प्रकार झाला नाही.

शिकागोपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवरच्या डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघे तशाच यंत्रांतून जास्त थंड, धातूसारखं, गाण्यापेक्षा यंत्राच्या आवाजात रमणारं संगीत करत होते. १९८८च्या एका संकलनाने त्याला ‘टेक्नो’ हे नाव पक्कं दिलं. नातं जवळचं होतं. मे शिकागोच्या क्लबांत ऐकायला जायचा आणि त्यानेच नकल्सला एक टीआर-९०९ ड्रम मशीन विकलं.

हाऊस आणि टेक्नो यांच्या मधली जागा पुढे लंडनमध्ये भरली गेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘विगल’सारख्या पार्ट्यांत आणि १९९५ साली सुरू झालेल्या ‘द एंड’ या क्लबात काही डीजे डेट्रॉइटचं टेक्नो जरा सावकाश आणि शिकागोचं हाऊस जरा जलद असं एकाच सेटमध्ये, म्हणजे एका सलग बैठकीत, विणत होते. लोक त्याला ‘टेक हाऊस’ म्हणू लागले. ही आधी वाजवण्याची रीत होती. मग त्या रिकाम्या जागेत नेमक्या बसतील अशा रेकॉर्ड बनू लागल्या: ठेक्यात हाऊसची लचक, अंगावर टेक्नोचा कोरडेपणा. कॉर्ड जवळपास नाहीत, बास तुटक, वेग १२४ ते १२८.

‘प्रोग्रेसिव्ह हाऊस’ हे नाव १९९२ साली ‘मिक्समॅग’ मासिकात डॉम फिलिप्स या पत्रकाराने दिलं. ख्यालात बढत करावी तसा हा प्रकार थर चढवत जातो. साशा आणि जॉन डिग्वीड या ब्रिटिश जोडीने तो लांब सेटमधून रुजवला. याच्या उलट दिशेने गेला तो ‘मायक्रोहाऊस’. हेही नाव एका समीक्षकाचं, फिलिप शेरबर्नचं, २००१ मधलं. सगळं काढून टाकत जायचं. उरतात टिचक्या, श्वास, शब्दांचे कपटे. चिलीत जन्मून जर्मनीत वाढलेला रिकार्डो व्हिलालोबोस आणि रुमानियातले राडू, रारेश, पेत्रे इनस्पिरेस्कू यांनी ही वाट आणखी लांबवली. तिकडचे सेट तासन्‌तास चालतात आणि बदल इतका हळू होतो, की कधी झाला ते कळत नाही.

दक्षिण आफ्रिकेची कथा वेगळीच. तिथे नव्वदच्या दशकात परदेशी हाऊसचा वेग उतरवून, वर स्थानिक भाषांतली बोली चढवून ‘क्वाइतो’ तयार झालं. पुढे डीप हाऊस तिथे घराघरांत पोचलं. तिथल्या ब्लॅक कॉफी या डीजेच्या अल्बमला २०२२ साली ग्रॅमी मिळालं. आज जगभर ‘अफ्रो हाऊस’ म्हणून जे वाजतं, त्यात किक चारच मात्रांवर असते, पण तिच्याभोवती हातड्रम आणि खुळखुळे आडलयीची जाळी विणतात. ११०-११५ वेगाचं ‘अमापियानो’ हे त्याच अंगणातलं आणखी नवं रोप.

भूप आणि देशकार

इतक्या खुणा सांगितल्यावर वाटेल, आता कोणतीही रेकॉर्ड ऐकून नाव सांगता येईल. तसं होत नाही. आपल्या रागसंगीताचा कान असलेल्याला याचं नवल वाटू नये. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूप गंधाराभोवती, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो; देशकार धैवतावर, वरच्या अर्ध्यात. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. नुसती स्वरांची यादी दिली तर राग सांगता येणार नाही. कुठे थांबायचं, कशावर भर द्यायचा, कुठून कुठे जायचं, यातून राग उभा राहतो.

हाऊसच्या फांद्यांचं असंच आहे. यंत्रं तीच, मात्रा त्याच. भर कशावर, एवढाच प्रश्न. कॉर्डवर भर दिला तर डीप, बास पिळला तर अ‍ॅसिड, गळ्यावर दिला तर गॅरेज, ठेक्याच्या पोतावर दिला तर टेक. एकाच रेकॉर्डमध्ये यांतल्या दोन-तीन गोष्टी असू शकतात, आणि चांगल्या रेकॉर्डमध्ये असतातच. त्यांतली कोणती पुढे यावी, हे डीजे ठरवतो.

टेबलामागे

ते तो ठरवतो कसं? पहिलं साधन वेग. क्लबांत रुळलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर वेगाची सरकपट्टी असते. ती आठ टक्के वर आणि आठ टक्के खाली जाते. म्हणजे १२०ची रेकॉर्ड ११०पासून जवळजवळ १३०पर्यंत नेता येते. हाऊसचा अख्खा संसार या पट्टीत मावतो, म्हणूनच या फांद्या एकमेकींत इतक्या सहज गुंततात. ११६च्या डीप हाऊसला १२५च्या टेक हाऊसच्या शेजारी बसवता येतं, १२६च्या मूळ वेगाशी जुळवायला गेलं तर पट्टी संपते. शिवाय तबकडी जलद फिरवली की स्वरही चढतो. सहा टक्क्यांनी साचा कोमल रे होतो. हळवी कॉर्ड एकदम ताठ वाटू लागते, गाणारीचा गळा लहान मुलीचा होतो. आजची डिजिटल यंत्रं स्वर जागेवर ठेवून वेग बदलतात, पण रेकॉर्डचा मूळ स्वभाव किती ताणायचा हा विवेक डीजेलाच ठेवावा लागतो.

दुसरं साधन मिक्सरवरची तीन बटणं: खर्ज, मधले आवाज, वरचे आवाज. दोन रेकॉर्ड एकत्र वाजताना दोघींचा खर्ज चालू ठेवला तर सगळं गढूळ होतं. म्हणून येणाऱ्या रेकॉर्डचा खर्ज आधी बंद असतो. तिच्या झांजा, तिचा एखादा सूर वरून झिरपू लागतो आणि ठोकळा संपताच एकीचा खर्ज जाऊन दुसरीचा येतो. मधल्या त्या मिनिटभरात जे ऐकू येतं ते कोणत्याच रेकॉर्डवर नसतं: एका डीप हाऊसच्या कॉर्ड, एका टेक हाऊसचा बास. फांद्यांचं मिसळणं सगळ्यात उघडपणे घडतं ते इथे. दोघींची पट्टी जुळली पाहिजे हेही आलंच. काळी दोनच्या शेजारी पांढरी पाच ठेवली आणि दोन्हींत सूर असले, तर नाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण पाय अडखळतो. टेक हाऊस आणि मायक्रोहाऊसमध्ये सूरच कमी असल्याने त्यांच्या रेकॉर्ड कोणाच्याही शेजारी बसतात. सेटमध्ये त्यांचा वापर पुष्कळदा दोन खोल्यांमधल्या बोळासारखा होतो.

समजा रात्र दहाला सुरू झाली. फ्लोअर अर्धा रिकामा, लोक अजून बोलतायत. डीजे ११८-१२०ला डीप हाऊस लावतो. तिथे लॅरी हर्ड चालतो, न्यू जर्सीचा केरी चँडलर चालतो. पण चँडलरची किक जड असते. त्याच्या रेकॉर्डच्या कॉर्ड उतरवून नुसता ठेका पुढे आणला, की अकराच्या सुमाराला १२३ वर टेक हाऊसचं दार उघडतं. बाराला बास तुटक, लोक गच्च. एक वाजता डीजे ३०३चा पीळ आणतो आणि तासभर कोरड्या ठेक्यावर घाम गाळलेल्यांना तो पाण्यासारखा लागतो. मग डेरिक मेची १९८७ मधली ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’. ही टेक्नोची मानाची रेकॉर्ड, पण तिला बास नाहीच; आहेत ते पियानोचे आणि व्हायोलिनसदृश सुरांचे लोट. इंग्लंडमधल्या हाऊसच्या डीजेंनी ती आपलीच मानली. कठोर टेक्नोच्या सेटमध्ये ती मोकळा श्वास असते, हाऊसच्या सेटमध्ये पूर. रेकॉर्ड तीच. आधी काय वाजलं आणि नंतर काय वाजणार, यावर तिची जात ठरते.

दुकानाची फळी

मग इतकी नावं हवीत कशाला? एक कारण साधं: शोधण्यासाठी. हे संगीत ‘अंडरग्राउंड’ म्हणवतं, कारण ते रेडिओ आणि चित्रपटांच्या वाटेने येत नाही. छोटे लेबल एखाद्या रेकॉर्डच्या काही शे प्रती काढतात, त्या डीजेंच्या हाती जातात. ढिगातून हवं ते हुडकायला फळीवर चिठ्ठी लागते. २००४ साली बीटपोर्ट हे डीजेंसाठीचं ऑनलाइन दुकान सुरू झालं आणि चिठ्ठ्यांना बळ आलं, कारण प्रत्येक चिठ्ठीची वेगळी विक्री-यादी लागू लागली. गेल्या दशकाच्या मध्यावर ‘डीप हाऊस’ या चिठ्ठीखाली ढोबळ बासवर पॉप गळे चढवलेली गाणी इतकी आली, की लॅरी हर्डच्या वळणाच्या डीजेंना आपला माल दुसऱ्या फळ्यांवर शोधावा लागला.

क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. फांदी आधी डीजेच्या हातात फुटते, मग ती रेकॉर्डवर उतरते, मग कोणी पत्रकार तिला नाव देतो आणि शेवटी दुकान फळी लावतं. हा क्रम उलटला, म्हणजे फळी बघून रेकॉर्ड बनू लागल्या, की सगळ्या रेकॉर्ड एकमेकींसारख्या होतात. गेल्या काही वर्षांतलं पुष्कळसं टेक हाऊस त्यामुळेच कंटाळवाणं झालं आहे. जी रीत दोन गावांच्या मधल्या ओसाड जागेत जन्मली, तिच्यावर आता बंगल्यांची एकसारखी रांग उभी आहे.

ऐकून पाहायचं असेल तर सुटी गाणी शोधू नका. कोणाचा तरी दोन-तीन तासांचा अखंड सेट घ्या, बरे हेडफोन लावा आणि किकची धपधप पाच मिनिटं मनातून बाजूला ठेवा. भर कशावर आहे, एवढंच स्वतःला विचारा: कॉर्डवर, बासवर, गळ्यावर की ठेक्याच्या पोतावर? उत्तर बदललं तो क्षण पकडायचा प्रयत्न करा. बहुतेकदा तो निसटतो. तो तुमच्या कानांचा दोष समजू नका. टाका लपवणं हेच पलीकडच्या माणसाचं काम आहे.

फ्रँकी नकल्स २०१४ साली वारला. वेअरहाऊसची इमारत उभी आहे आणि २०२३ साली शिकागोने तिला शहराचा वारसा म्हणून संरक्षण दिलं. त्याआधी, तो हयात असतानाच, २००४ साली जेफरसन स्ट्रीटच्या त्या तुकड्याला मानाचं नाव मिळालं. दुसऱ्यांच्या रेकॉर्ड एकापुढे एक लावणाऱ्या माणसाचं नाव त्या पाटीवर आहे: ‘फ्रँकी नकल्स वे’.